सखूबाईचा फोटो

पूर्णा, मंगळवार संध्याकाळ

कापसाच्या जिनिंगमध्ये कामावर असताना यंत्राच्या पट्ट्यात पदर अडकून सखूबाई गेली. तिच्या नवऱ्यानं फोटो दिला, “ह्यो एकच हाय तिचा. छापला की वापस द्या.” पट्ट्याला जाळी नव्हती, हे मी बातमीत लिहिलं.

दुपारी संपादकांचा फोन. “उद्या त्याच जिनिंगच्या मालकाच्या वाढदिवसाचं पान आहे. जिनिंगचं नाव काढा, चार ओळी ठेवा, बाईचा फोटो नको.”

त्या पानाची जाहिरात मीच आणलेली. आमच्याकडं वार्ताहरानंच जाहिरात आणायची असते.

नाव काढलं. बातमीतली जाळी पण मीच काढली. ती कुणी काढायला सांगितली होती?

फोटो अजून खिशात आहे. उद्या वापस द्यायचाय. नवऱ्याला वाचता येत नाही, याचं आधी बरं वाटलं. पण तो फोटोच शोधेल, आणि पानभर मालक हसत असेल.