आडवी गाडी, उभा मी

९ नोव्हेंबर
गाडी पडली. मी पाडली नाही. एवढी जड मोटारसायकल गेटपाशी उभ्या उभ्या कलली, मी सभ्यपणे बाजूला झालो. उचलायला वॉचमन, मेहुणा आणि एक अनोळखी गृहस्थ धावले. मी सूचना दिल्या.
बायको गॅलरीतून बघत होती. एकट्याला उचलता येत नाही ती गाडी घरात नको, म्हणाली. रविवारी तिच्यासमोर उचलून दाखवायची, नाहीतर मेहुणा गिऱ्हाईक आणणार. याच्याकडे गिऱ्हाईक तयार कसं?
गाडी गेली तर मी रडेन. हे फक्त इथे.

१० नोव्हेंबर
व्हिडिओ पाहिला. ताकद लागतच नाही, टेक्निक लागतं. म्हणजे माझंच क्षेत्र. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. हँडल पूर्ण वळवायचं, सीटला बूड टेकवायचं, पाठ ताठ, पायांनी रेटत उलटं चालायचं. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच लावून ठेवायचा, नाहीतर उठून पलीकडे कलंडते. जेवताना बायकोला सगळं समजावलं. तिने भाजी वाढू का विचारलं.

११ नोव्हेंबर
उद्यापासून उठाबशा. आज मानसिक तयारी.

१२ नोव्हेंबर
गुडघ्यातून आवाज आला. पहिल्याच दिवशी शरीराचा अंत पाहू नये. सोफ्यावर सराव केला. सोफा भिंतीपर्यंत गेला! नंतर त्यावरच बसून बायकोला टेक्निक पुन्हा सांगितलं. पाठ झालंय म्हणाली. बरंच आहे.

रविवार, दुपार
मेहुण्याने गाडी उजव्या कुशीवर अलगद निजवली. मी बूड टेकवलं, रेटलं. उठली! अगदी फुलासारखी! कौतुकासाठी मी गॅलरीकडे पाहिलं. गाडी मात्र थांबली नाही. सरळ पलीकडे, शेजारीणबाईंच्या कुंड्यांवर.
स्टँड लावायचा राहिला. अट उचलण्याची होती, उभी ठेवण्याची नव्हती, असं मी म्हटलं. कोणी ऐकेना. मग रागाच्या भरात पुढून वाकून ओढली. कमरेत कट्ट झालं.
बायको खाली आली. ओढणी खोचली, सीटला टेकली, बारीक बारीक पावलं टाकत मागे गेली. गाडी उभी. टाचेने स्टँडही लावला.
मला उचलायला चौघं लागले.

सोमवार, अंथरुणातून
गिऱ्हाईक परत पाठवलं. गाडी राहणार! म्हणजे जिंकलो मीच. शिकवलं कोणी?
सकाळी बायकोने किल्ली मागितली, ऑफिसला जायला. तिच्याकडे लायसन्स लग्नाआधीपासून आहे म्हणे. मी कधी विचारलंच नव्हतं. किल्ली दिली. हेल्मेटही दिलं.
माझ्यापाशी मेहुण्याला बसवून गेली. जाताना दारातून त्याला बजावलं, याला बाथरूमला न्यायचं झालं तर पाठ ताठ ठेव, गुडघ्यातून वाक, आणि कुठल्या कुशीवर पडलाय ते आधी बघ.