हात मांडीखाली

बाबा, मैत्रिणीने होडीच्या तांडेलाविरुद्ध तक्रार लिहिली आहे आणि तिला त्यावर माझी सही हवी आहे, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. सकाळीच तिचा फोन आला. "तू बस सही कर दे गं, बाकी मी देख लूंगी. त्याला होडीवरून काढायलाच हवं." तिचा उजवा हात अजून गळ्यात बांधलेला आहे.

गेल्या आठवड्यात आम्ही चौघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी कोकणात गेलो होतो. शिडाची होडी, किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास. सकाळी लख्ख ऊन, मग ढग, पुन्हा ऊन. दुपारी वारा फिरला तसा तांडेल म्हणाला, खाडीत शिरून थांबू. मला ते भित्रेपणाचं वाटलं. पुढचा मुक्काम समोर दिसत होता. "बाई, ह्यो तलाव न्हय," तो हसून म्हणाला. मैत्रिणींनी त्यालाच सुनावलं, "हिला नका शिकवू भैया, ही भोपाळच्या मोठ्या तलावातली मासळी आहे." शीड उतरवायला तो पुढे गेला, तेवढ्यापुरतं सुकाणू माझ्याकडे देऊन. "असंच धरून ऱ्हावा." मी ते समोरच्या मुक्कामाकडे वळवलं. वाऱ्याने शीड लाकडासकट फिरलं आणि या मैत्रिणीच्या उजव्या खांद्यावर आदळलं. त्याने धावत येऊन मला बाजूला ढकललं, सुकाणू हिसकावलं. मी वळवलं तेव्हा सगळ्यांची पाठ माझ्याकडे होती. वळून पाहिल्यावर त्यांना दिसलं ते एवढंच, सुकाणू त्याच्या हातात.

अजून दिसतं: मी पंधरा वर्षांची आहे. रविवार, मोठा तलाव. कारखान्याच्या निळ्या शर्टाच्या बाह्या दुमडून तुम्ही होडी चालवता आहात आणि मी तुमच्या हातातलं सुकाणू ओढते. तुम्ही ओरडत नाही. "हात मांडीखाली." काठ येईपर्यंत मी तशीच बसते, नाकावर माशी बसली तरी. पण पुढच्याच रविवारी तुम्ही ते पुन्हा माझ्याकडे का दिलंत? आणि पोरीला वारा कळतो म्हणून कॉलनीभर सांगत का सुटलात? निदान महिनाभर तरी थांबायचं होतं. साठी उलटली तरी मी त्या कौतुकावरच चालते आहे.

दुपारभर माझ्या जबाबाचे चार मसुदे फाडले. प्रत्येकात आधी वारा दोषी निघत होता. पाचव्यात एकच ओळ ठेवली. खाडीत शिरेपर्यंत मी हात मांडीखाली घालून बसले होते, कोणी न सांगता. ते मात्र त्यात नाही. हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून इथे लिहिलं.

संध्याकाळी, जवाहर चौकात, मैत्रिणीपुढे दोन कागद धरले: तिने पाठवलेली तक्रार, बिनसहीची. माझा कागद, सहीचा: 'तांडेलाने धरायला दिलेलं सुकाणू मी वळवलं.' तिने उभ्यानेच वाचलं. दोन्ही कागद डाव्या हाताने घेतले.