शिलाई मशीनचं तेल

मंगळवार, संध्याकाळ

ब्राह्मणपुरीहून आले तरी नाकातून त्या तेलाचा वास जात नाही.

भटूनाना शिंपी. कॅन्सर मणक्यात पसरलाय, कमरेखालचं सगळं गेलंय. बरे होणार नाहीत. माझी फिजिओथेरपी फक्त पाय आखडू नयेत एवढ्यापुरती. पाऊल हातात धरून वर-खाली करते. आज काकू, नानांची बायको, दारातून बघत होत्या. मशीनचं पायडल मारावं तसंच हलत होतं ते!

"ताई, पाय हालस!" म्हणत त्या धावल्या आणि कधीचं झाकून ठेवलेलं मशीन पुसून तेल घालायला बसल्या. नाना डोळे मिटून पडून.

सांगायला हवं होतं, की हलवतेय मी. का नाही सांगितलं?

तेलाची कुपी हातात घेऊनच त्यांनी विचारलं, "मंग मशीनवर कधी बसतीन?"

मी नानांचं दुसरं पाऊल उचललं आणि हलवायला लागले.