बदलीचा रकाना

॥ श्री ॥
वारंगा फाटा,
३ मार्च २०२५

ती. किशनमामांस,
शिवकन्याचा शि. सा. न. वि. वि.

दोन वर्षांपासून तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि कारखान्यात मोबाइल गेटवरच्या पेटीत ठेवावा लागतो, म्हणून आपलं कागदाचंच बरं. बातमी अशी, की मी चौथं मशीनही शिकले. आमच्या हळद पॅकिंगला मशीन चारच आहेत. एक पुडी भरतं, एक सील मारतं, एक तारीख छापतं आणि शेवटचं खोक्याला पट्टी बांधतं. बाकीच्यांना एकेक येतं, मला चारही. भिंतीवरच्या तक्त्यावर माझ्या नावापुढे चार हिरवे ठिपके लागले आणि वर फोटोसुद्धा. फोटोत मी भूत पाहिल्यासारखी दिसते, पण लागला खरा. सुपरवायझर रूपसिंग साहेब म्हणाले, की मे महिन्यात तुला कायम करून टाकतो, फक्त रजा मंजूर झाल्याशिवाय खाडा करू नको, नाव कटून जाईल.

माझ्या शिकण्यानं सगळ्यांची सोय झाली. आमच्या रजेच्या अर्जावर बदलीचा रकाना असतो. आपल्या जागी कोण उभं राहील, त्याची सही तिथं लागते. आता सगळे माझ्याकडेच येतात. सीलवाल्या कोमलला माहेरी जायचं होतं, मी सही केली. पट्टीवाल्या माऊलीची म्हैस व्यायली, मी सही केली. दोघं एकाच दिवशी गेले, तेव्हा मी सील मारून धावत पट्टीकडं जायची आणि परत यायची. संध्याकाळी माझ्याच पायांनी मला ओळख दिली नाही.

यामुळेच माझ्याच साखरपुड्याला मला येता आलं नाही, त्याचं मनाला लागून आहे. बाळापूरच्या पाहुण्यांनी माझ्या फोटोला कुंकू लावलं म्हणे. त्यांच्या एक आत्याबाई हार घेऊन फोटोकडे निघाल्या होत्या, त्यांना मामींनी वेळेत अडवलं हे बरं केलं. २० एप्रिलला लग्नाला मात्र मी जातीनं हजर राहीन.

मामींना नमस्कार. माया आहे ती पातळ होऊ देऊ नका.
आपली,
शिवकन्या


नरसी नामदेव,
९ मार्च २०२५

चि. शिवकन्या हिस,
किशनमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझे चार ठिपके तुझ्या मामीनं साऱ्या गल्लीत वाटले, पेढे तेवढे वाटायचे राहिले. मलाही अभिमान वाटला, पण जरा धाकधूक झाली. जो बैल नीट ओढतो, त्यालाच शेजारी उसना मागतात. मारक्या बैलाला कुणी मागत नाही, तो गोठ्यात बसून कडबा खातो.

आता महत्त्वाचं ऐक. सोमेश्वर परवा येऊन गेला. पोरगं गुणी आहे, बाळापूरचं पंक्चरचं दुकान बंद ठेवून आलं होतं. त्याच्या आजीनं त्याला विचारलं म्हणे, की ही पोरगी खरंच हाय का नुसता फोटूच हाय. म्हातारीनं निक्षून सांगितलं आहे, की हळदीला पोरगी डोळ्यानं दिसली न्हाई तर लगीन मोडलं समजा, म्या फोटूला नातसून म्हणणार न्हाई. सोमेश्वर हसत सांगत होता, पण त्याचा चेहरा उतरला होता.

तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. मंगलाष्टकांना मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं, त्या दिवसाची मी वीस वर्षं वाट पाहिली आहे. तू आली नाहीस तर मी काय फोटोच्या पाठीशी उभा राहू? अर्ज आजच टाक.

मामीचे आशीर्वाद. जीव लावतेस तसा लावत राहा.
तुझा,
किशनमामा


वारंगा फाटा,
२१ मार्च २०२५

ती. किशनमामांस,
शिवकन्याचा शि. सा. न. वि. वि.

रजा मंजूर झाली आहे, पण मला येता येणार नाही. शांतपणे वाचा.

तीन दिवसांचा अर्ज टाकला. बदलीच्या रकान्यात कोमलनं आनंदानं सही केली. अर्ज परत आला. ऑफिसचं म्हणणं असं, की चार ठिपक्यांच्या माणसाची बदली चार ठिपक्यांच्याच माणसानं करायची. तक्त्यावर तसं माणूस एकच आहे. मी वैतागून रकान्यात माझंच नाव लिहिलं आणि सही ठोकली. दुसऱ्या दिवशी अर्ज मंजूर! खाली शेरा होता, की बदली कामगार शिवकन्या यांनी तिन्ही दिवस न चुकता हजर राहावे.

रूपसिंग साहेबांकडे गेले. त्यांनाही वाईट वाटलं. म्हणाले, तकलीफ समजते बाई, पण कागद बराबर हाय. मग बराच विचार करून त्यांनी विचारलं, की तिकडंच तुझ्या जागी कुणी उभं ऱ्हात न्हाई का, मांडवात गर्दी तर असतीच. मला हसू आलं आणि गोदामात जाऊन खोक्यांच्या मागं रडूही आलं.

खरी गंमत पुढंच आहे. कोमल, माऊली आणि दुसरे दोघे, सगळ्यांनी माझ्या लग्नाला यायचं म्हणून रजेचे अर्ज केले. जेवणाच्या सुट्टीत सवयीनं माझ्यापुढं कागद धरले आणि मीही सवयीनं सह्या केल्या. चौघांचेही अर्ज मंजूर झाले. म्हणजे २० तारखेला सगळा कारखाना माझ्या लग्नात जेवणार आणि मी एकटी चार मशीनवर. दिवसभर अंगावर हळद उडते मामा, पण लावून घ्यायला सवड नाही.

न विचारता निघून आले तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात. न यावं तर लग्न मोडतं. काय करू, तुम्हीच सांगा.

आपली,
शिवकन्या


नरसी नामदेव,
२७ मार्च २०२५

चि. शिवकन्या हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, असलं हापिस मी जन्मात पाहिलं न्हाई, आणि दोन वेळा शेरा परत वाचायला लावला.

तुला माझी एक जुनी गोष्ट सांगतो. हळद शिजली की नाही हे मला वाफेच्या वासावरून कळायचं. त्यामुळं साऱ्या गावाच्या कढईला मी लागायचो. हा हात धरून नेई, तो दंडाला धरून नेई. आमची हळद सगळ्यांत शेवटी, आणि एका साली तर खणलेली हळद ढिगातच कुजायला लागली. तेव्हा मामी म्हणाली, की तुमाला वास येतो हीच तकलीफ हाय. दुसऱ्या दिवशी मी कढईपाशी उभा राहून सांगितलं, की सर्दीनं माझं नाक गेलं, आता वास येत न्हाई. गाव चार दिवस हळहळलं आणि पाचव्या दिवशी काडी टोचून आपापली हळद ओळखायला शिकलं. माझं नाक आजही शाबूत आहे.

तेव्हा पोरी, विसर. शिकायला अक्कल लागते, वेळेवर विसरायला थोडी जास्त लागते.

तुझा,
किशनमामा


वारंगा फाटा,
८ एप्रिल २०२५

ती. किशनमामांस,
शिवकन्याचा शि. सा. न. वि. वि.

विसरले. पण फार जड गेलं.

दर तीन महिन्यांनी तक्त्याची तपासणी होते. पुडीच्या मशीनवर मी रोल मुद्दाम उलटा चढवला, तर माझ्या हातानं तो आपोआप सुलटा केला. शेवटी डावा हात पाठीमागं धरून उजव्यानं चूक केली. सीलचा काटा हवा त्यापेक्षा वर नेला, पुड्या भाकरीसारख्या करपल्या. तारखेच्या मशीनवर काय चुकावं ते सुचेना, म्हणून चाळीस पुड्यांवर अंतिम तारीख २० एप्रिल छापून दिली. रूपसिंग साहेबांनी पुडी पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा पुडी पाहिली. खिशातून नखकात्री काढून त्यांनी माझे तीन ठिपके खरवडून काढले.

आता मला फक्त पट्टी येते. पट्टी माऊलीलाही येते, म्हणून त्याची सही चालली आणि रजा मंजूर झाली. एका ठिपक्यानंही कायम होता येतं, साहेबांनी सांगितलं. मात्र माझी बदली चालेना झाल्यामुळं चौघांच्या रजा रद्द झाल्या. कोमल दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी हिरव्या बांगड्या आणून दिल्या.

फोटो उतरवला. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला आहे, त्याच्याकडं पाहवत नाही. तुम्हाला म्हणून सांगते.

१८ ला येते. पुरणपोळी नको, मामींच्या हातचं पिठलं पाहिजे.
आपली,
शिवकन्या


आखाडा बाळापूर,
२ मे २०२५

ती. किशनमामांस,
शिवकन्याचा शि. सा. न. वि. वि.

इकडं सगळं ठीक. आजेसासूबाईंनी हळदीत माझा गाल चिमटून पाहिला होता, तो वळ आता गेला. त्या सगळ्यांना सांगतात, की हाय, खरी हाय, म्या हात लावून बघितलं.

रूपसिंग साहेबांनी लग्नाच्या दिवशी अकरा ते तीन मशीनची सफाई काढली, म्हणून सगळे टेम्पोत बसून येऊ शकले. कामावरच्या कपड्यांनी आले, नखशिखांत पिवळे. इकडच्या बायकांना वाटलं, यांना आमच्याआधीच कुणी हळद लावली. तीन दिवसांची रजा संपताच कामावर रुजू झाले. कोमल मला सीलचं मशीन शिकवते आहे. समजलं का म्हणून विचारते, मी म्हणते पुन्हा एकदा दाखव. दोन मशीनवर मी थांबणार आहे. आणि मी कायम झाले मामा, आजच कागद मिळाला.

एक मात्र डोक्यातून जात नाही. मंगलाष्टकं चालू होती, बँडवाला कानाशी होता, अंतरपाटाआड मी स्वतःशीच पुटपुटले, की मला भीती वाटते. सोमेश्वरलाही ऐकू गेलं नाही. तुम्ही पाठीवर हात ठेवून म्हणालात, की भिऊ नको, म्या हाय. तुम्हाला कसं ऐकू आलं?

आपली,
शिवकन्या


नरसी नामदेव,
७ मे २०२५

चि. सौ. शिवकन्या हिस,
अनेक आशीर्वाद.

कायम झालीस, डोळे भरून आले.

तू विचारलंस म्हणून सांगतो, बाहेर बोलू नकोस. तू कामाला गेलीस तेव्हा रोज फोन करायचीस. जेवले, मजेत आहे, ठेवते. दोन महिने हेच. मग एकदा तुझं एक पत्र आलं, त्यात लिहिलं होतं, की पहिल्या आठवड्यात मशीनच्या आवाजानं झोप लागायची नाही आणि आईची आठवण यायची. फोनवर तू मजेत असतेस, कागदावर तू खरी असतेस. त्याच आठवड्यात माझे कान गेले. मामीला सगळं ठाऊक आहे. तिचं म्हणणं, तिचं मला लग्नापासूनच ऐकू येत नाही.

पाठीशी आहेच, कागद संपू देऊ नकोस. फोन करायच्या फंदात पडू नको, मला ऐकू येत नाही.

तुझा,
किशनमामा