नव्वद दिवसांचा शहाणा

२१ जुलै
भिक्खूंचा वर्षावास सुरू, पावसाळाभर ते आता एकाच जागी. विहारात जाऊन शपथ घेतली — तीन महिने दारू बंद! दर वर्षी घेतो, दर वर्षी पाळतो. आणि वर्षावास संपला की दुसऱ्याच दिवशी बायकोला मला धरून घरी आणावं लागतं. नुआन म्हणाली, "नव्वद दिवसांचा शहाणा!" राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला.

२३ जुलै
गावाच्या शर्यतीच्या नावेत जागा मागितली. सेहेचाळिसाव्या वर्षी! इन्थोन काका संघ निवडतात. त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. "खामपान, तू बसशील रे, पण ह्याला कुठं बसवू?" सगळे वल्हेकरी हसले. मीही हसलो. रोज सकाळी नदीकाठानं पळायला सांगितलंय.

२ ऑगस्ट
धाप. नुसती धाप.

२९ ऑगस्ट
फजिती! सरावाच्या घाईत नावेच्या तोंडावरून टांग टाकून आत शिरलो. तिथं नावेची देवी राहते, शेंबडं पोरही असं करत नाही. काका कडाडले, "आईला ओलांडतोस काय रे?" फुलं, केळी ठेवून नावेच्या पाया पडलो. वाटलं, आता हाकलणार. काका म्हणाले, "ऊठ. मागून सहाव्या फळीवर बस." मिळाली जागा!

२० सप्टेंबर
आज सगळी वल्ही एकदम पाण्यात गेली. तेवढा वेळ मला ना वय होतं, ना पोट. फार बरं वाटलं. पट्टा दोन भोकं आत आलाय. नुआनला दाखवला. "दिसतंय," म्हणाली आणि भात वाढला.

१७ ऑक्टोबर
शर्यत! उपांत्य फेरीत अर्ध्या नावेनं हरलो. तळहात सोलून निघालेत, तरी खूश आहे. शपथही आजच संपली. शेजारचा सावात म्हणाला, "उद्या बसू या." हो म्हणून बसलो. आता भीती वाटतेय. शर्यत नाही, शपथ नाही — मला धरून ठेवणार कोण?

१८ ऑक्टोबर
सावातकडे गेलो नाही. संध्याकाळी नुआननंच बाटली आणि ग्लास समोर आणून ठेवला. "घरीच पी. गटारात शोधायला नको."
नको म्हटलं.
ती बघतच राहिली. मग बाटली उचलली आणि विचारलं, "उद्या पळायला किती वाजता उठवू?"