किशोरभाऊंची आई

४ जानेवारी
परतवाड्याहून अकोल्याला आले. जठारपेठेतला हा फ्लॅट पाहून डोळेच दिपले. नळाला गरम पाणी, मला स्वतंत्र पलंग! मालक किशोरभाऊ चीनमध्ये इंजिनीअर आहेत. मोबाइलवर बोलूनच त्यांनी मला म्हाताऱ्या आईला सांभाळायला ठेवलं. घरभर कॅमेरे, त्यातूनच ते बोलतात. बाहेरचं दारही तेच तिकडून उघडतात. माझा फोन खाली वॉचमन गोवर्धनकडे ठेवायचा, ही एकच अट. श्रीमंतांचे चोचले, दुसरं काय. औषधं लिहायला जाड वही दिली आहे. मी बारावी पास, सगळंच लिहीन म्हणते. माझ्या लेकीला, पौर्णिमेला, सातवा लागलाय. तिच्या बाळंतपणाला सुट्टी द्यायचं त्यांनी कबूल केलंय.

७ जानेवारी
रोज साडेसातला आजींना हिरवं लुगडं नेसवून कॅमेऱ्यासमोर बसवायचं. किशोरभाऊ विचारतात, माय, जेवली का? त्या हो म्हणतात. आज मात्र माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "मी याची माय नाही वं. मी सुभद्रा, रिद्धपूरची. तुयासारखीच कामाले आलती." त्या असं बरळतात, हे भाऊंनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी हसले आणि कढी वाढली.

१२ जानेवारी
कपाटात हार घातलेला फोटो सापडला. लुगडं तेच, बाई वेगळी. सुभद्राबाई म्हणाल्या, ती त्याची खरी माय, मनकर्णाबाई. कोरोनात गेली. विमानं बंद, त्याले मातीलेही येता आलं नाही. "तवापासून त्याले रोज माय पायजे." मला त्या माणसाची कीव आली. समोर बसलेल्या बाईची यायला हवी होती.

१३ जानेवारी
घरी जाते, दार उघडा म्हटलं. भाऊ म्हणाले, उद्या.

१९ जानेवारी
रोज उद्या. खिडकीच्या जाळीतून ओरडले. खाली लोक थांबले. गोवर्धन त्यांना म्हणाला, आजीच्या डोक्यावर परिणाम झालाय. लोक गेले.

२३ जानेवारी
सुभद्राबाई आता कॅमेऱ्यासमोर बोलतच नाहीत. भाऊ म्हणाले, लुगडं तू नेस. केसांना पावडर लाव. मी नाही म्हटलं.

२५ जानेवारी
दोन दिवस गोवर्धनने दूध-भाजी काही आणलं नाही. नेसले. मग गोवर्धनने मला आतल्या खोलीत बंद केलं आणि भाऊंनी सुभद्राबाईंसाठी दार उघडलं. फटीतून हात जोडले, माझ्या पौर्णिमेला सांगा, परतवाड्याला. "सांगतो," म्हणाल्या. मागे वळून पाहिलं नाही.

३ फेब्रुवारी
माय, जेवली का? मी रागिणी आहे म्हटलं. जेवण बंद.
संध्याकाळी मी हो म्हणाले — जेवली रे बापा, जेवली —

८ फेब्रुवारी
बेल वाजली. पौर्णिमा! सुभद्राबाईंनी शब्द पाळला. कुठून सांगितलं मी त्यांना —
मी आत बंद. दाराच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर पोरगी दिसते. पोट केवढं आलंय —
भाऊ तिच्याशी गोड बोलतायत. तुझी आई आजारी आहे, तिला सांभाळायला कोणीतरी हवं —
मी ओरडले, पळ पौर्णिमा, पळ. माझा आवाज ऐकून उलट दारच ठोकायला लागली. "रडू नको मा, मी आली ना" —
भाऊ मला हळूच म्हणाले, माय, आता नातवंडही इथंच होईल —
दार उघडलं. नको गं पोरी, आत नको, आत