चिठ्ठीत निघालं पत्रक

नॉर्विच,
९ फेब्रुवारी

ती. क्लिफर्डदादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. नेहमीप्रमाणे आधी परसातल्या कपड्यांच्या दोरीला चिमट्याने लावलं, चहा होईपर्यंत वारा लागू दिला आणि मग वाचलं. तुझ्या तंबाखूच्या धुराचा वास कागदात इतका भिनलेला असतो की पोस्टमनही पाकीट हात लांब करून देतो. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून आपण पत्रं लिहितो, त्याला इलाज नाही. पण माझ्या घरातल्या पडद्यांनी काय पाप केलंय?

एक बातमी. दातांच्या दवाखान्यातून निवृत्त होऊन घरी बसवेना, म्हणून मी इथल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत अर्धवेळ काम धरलंय. कुणी पाय मुरगळून आलेलं असतं, कुणी नुसतं सोबत आलेलं. त्यांतल्या सिगारेट ओढणाऱ्यांशेजारी बसायचं, पाव तास बोलायचं आणि सिगारेट सोडायला म्हणून ई-सिगारेट हातात द्यायची. कशी भरायची, कशी ओढायची, सगळं दाखवायचं. मात्र हा प्रयोग आहे, त्यामुळे ती प्रत्येकाला मिळत नाही. कॉम्प्युटर चिठ्ठी काढतो. निम्म्यांना यंत्र, निम्म्यांना नुसतं माहितीचं पत्रक. तासन्‌तास ताटकळलेली माणसं बोलायला अगदी तयार असतात, हे मला नवीनच कळलं.

आता तुझा पाय. सर्जनबाई काय म्हणाल्या ते तूच लिहिलंस. रक्तवाहिनी तुंबलीय, मेमध्ये ऑपरेशन करतील, पण तंबाखू सुटली तरच. नाहीतर केलेलं टिकायचं नाही आणि शेवटी पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. मग वाळूवरून बोट कशी ढकलणार? मला भीती वाटते, दादा. हे थट्टेत घेऊ नकोस.

लोभ असावा, शक्यतो खिडकी उघडी ठेवून असावा.

तुझी,
हिलरी

शेरिंगहॅम,
२१ फेब्रुवारी

चि. हिलरीस,
अनेक आशीर्वाद.

नोकरीबद्दल अभिनंदन. बिचाऱ्याचं हाड मोडलंय, तो कळवळतोय, आणि शेजारी तू जाऊन बसणार! मी असतो तर दुसरा पाय मोडून घेऊन आतल्या खोलीत पळालो असतो.

नाताळात पाठवलेल्या निकोटीनच्या पट्ट्या मिळाल्या होत्या. जागेवर ठेवल्या आहेत. मी चौदाव्या वर्षी बाबांच्या बोटीवर पहिली सिगारेट वळली. खेकड्यांचे पिंजरे ओढून ओढून बोटं गोठायची, तेव्हा तेवढीच ऊब. ती आता तुझ्या वाफेच्या पिपाणीसाठी सोडू? तीस वर्षं तू सांगतेस, तीस वर्षं मी नाही म्हणतो. आपलं बरं चाललंय की.

पायाचं बघू. शेजारची युनिस पत्ते खेळायला येते, तिने नमस्कार सांगितलाय. या वयात बाई शिडीवर चढून स्वतः पन्हाळ साफ करणार म्हणते. मी नको म्हटलं, पण माझं कोण ऐकतंय.

तुझा दादा,
क्लिफर्ड

शेरिंगहॅम,
१५ मार्च

चि. हिलरीस,
आशीर्वाद, पण रागातले.

युनिस शिडीवरून पडली, मनगट मोडलं आणि तिला घेऊन मी तुमच्या कॅज्युअल्टीत आलो, हे तुला माहीतच आहे. तू खांबामागे लपली होतीस. मी बहिरा आहे, आंधळा नाही.

तुझ्याबरोबर काम करणारी ती फंके नावाची पोरगी फार गोड बोलली. मोठ्याने आणि सावकाश बोलली, त्यामुळे मला प्रत्येक शब्द ऐकू आला. तिने वय विचारलं, छातीत किती धूर आहे ते मोजायला नळीत फुंकायला लावलं, तुम्हाला सोडायचीय का म्हणून विचारलं. आणि हिलरी, मी हो म्हणालो. युनिस वेदनेने पांढरी पडून शेजारी बसली होती. मनात आलं, हिला घेऊन इथवर आलो तो याच पायांवर. पाय गेला तर पुढच्या वेळी कोण आणणार? म्हणून हो म्हणालो. नंतर फंकेने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि माझ्या हातात काय दिलं? एक कागद!

यंत्रं समोर गाडीवर रचलेली होती. मी तुला खांबामागून बाहेर बोलावलं, एक दे म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मागितलं. तू नाही म्हणालीस, तेसुद्धा मला ओळखत नसल्यासारखं तोंड करून. धन्य आहे तुझी.

क्लिफर्ड

नॉर्विच,
१८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू रागावणं साहजिक आहे. तरी ऐक. सहा महिन्यांनी यंत्रवाले आणि पत्रकवाले, सगळ्यांना पुन्हा नळीत फुंकायला लावणार आणि कोण किती सुटले ते मोजणार. यंत्राने खरंच फरक पडतो असं दिसलं, तर उद्या इतर कॅज्युअल्टींतही ते देता येईल. पत्रकवाल्याला मी भाऊ म्हणून गुपचूप यंत्र दिलं, तर त्या मोजण्याला काडीची किंमत राहणार नाही. आज मी दिलं, तर उद्या फंके तिच्या मामाला देईल.

बहीण म्हणून तरी आता काय करू ते सांग, असं तू म्हणशील. तेही करायचं नाही असं ठरवलंय. पत्रकवाल्याच्या कानाशी लागणं माझ्या कामात बसत नाही. पत्रक तुझ्याकडे आहे. वाच, नाहीतर चूल पेटव. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले, एवढं मात्र तुला कळायला हवं.

राग निवळला की लिही.

हिलरी

नॉर्विच,
२९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं एका ओळीचंही उत्तर नाही. युनिसला फोन केला, तर म्हणाली की तू मागच्या दारच्या बाकावर एकटाच बसतोस आणि ती आली की हातातलं काहीतरी खिशात लपवतोस. म्हणजे आता चोरून ओढायला लागलास? चौदाव्या वर्षी ठीक होतं.

ऑपरेशन तोंडावर आलंय. हवं तेवढं भांड, पण लिही.

हिलरी

शेरिंगहॅम,
८ मे

चि. हिलरीस,
अनेक आशीर्वाद.

यंदा पिंजऱ्यांत खेकडे बरे सापडताहेत. युनिसचं प्लॅस्टर निघालं. तिचा कुत्रा माझ्याजवळ आला की शिंकायचा, तो हल्ली मांडीवर येऊन बसतो. चिप्सवरचा व्हिनेगर मला इतका आंबट लागला की दुकानदाराशी वाद घातला, तर तो म्हणाला की बाटली पूर्वीचीच आहे.

तुला शंका आली असेलच. तुमच्या कॅज्युअल्टीतून आलो तो असा भडकलो होतो की दुसऱ्याच दिवशी शेजारच्या क्रोमर गावी जाऊन स्वतःच्या पैशाने यंत्र विकत घेतलं. माझी बहीण देत नाही काय, बघतोच! दुकानातल्या बाईने तंबाखूच्या चवीचं दिलं, तर खोकून खोकून जीव गेला. परत गेलो. तिने रूबार्ब-कस्टर्डच्या गोड चवीचं दिलं. आपल्याला आजी द्यायची त्या गोळ्यांची चव. आता मी बोटीवर जातो आणि मागे बेकरीचा वास सोडतो. पोरं मला ‘पुडिंग’ म्हणतात. तेच खिशात लपवत होतो, कारण युनिस हसते.

पहिले दिवस फार वाईट गेले. दोनदा तंबाखूची पुडी शोधत कोळशाच्या खोलीत रांगलो. पण आता ती घरात नाही. सर्जनबाईंनी परवा नळीत फुंकायला लावलं, आकडा बघितला आणि पुन्हा फुंकायला लावलं. त्यांचा विश्वासच बसेना. सव्वीस तारखेला ऑपरेशन आहे. येशील ना?

तुझा,
क्लिफर्ड (पुडिंग)

नॉर्विच,
१२ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

येणार म्हणजे काय, सुट्टी टाकलीसुद्धा. तुझं पाकीट घेऊन सवयीने परसात गेले, चिमटा उघडला आणि सहज वास घेतला. नुसता कागदाचा वास होता. मी तिथेच उभ्याउभ्या वाचलं. शेजारच्या बाईने कुंपणावरून विचारलं की काही वाईट बातमी आहे का, कारण मला हुंदके आवरत नव्हते.

फंकेला सांगितलं, तर तिने कपाळावर हात मारला. दुकानातून घ्यायला कुणालाच बंदी नव्हती, पण तुझी गणती पत्रकावर सुटलेल्यांतच होणार. ज्या यंत्रासाठी मी धडपडतेय, त्याच्या विरोधी बाजूला माझाच भाऊ एक खूण वाढवणार!

आणखी एक. त्या दिवशी तू गेल्यावर मी गाडीवरचं एक यंत्र पर्समध्ये घातलं होतं. पार्किंगपर्यंत नेलं. मग परत जाऊन जागेवर ठेवलं. तेव्हापासून झोप लागली की स्वप्नात तुझा पायच दिसायचा. मी नियम सांभाळला आणि भाऊ गमावला असता, तर काय केलं असतं ते मला अजून माहीत नाही.

तुझी,
हिलरी

शेरिंगहॅम,
२० सप्टेंबर

चि. हिलरीस,
अनेक आशीर्वाद.

सर्जनबाईंनी कालच्या तपासणीत पाय उत्तम आहे असं सांगितलं. तिथून खाली येऊन फंकेच्या नळीत फुंकलं. तिने माझ्या नावापुढे खूण केली आणि उगीच नाराज झाल्यासारखं दाखवलं. तुझी सुट्टी होती म्हणून भेट झाली नाही.

तुझं मेमधलं पत्र मी जपून ठेवलंय. तेव्हा उत्तर दिलं नाही. ऑपरेशनच्या वेळी तू समोर होतीस, तरी बोलायला जमलं नाही. आता लिहितो. माझ्या पलंगाखाली एक खण आहे. पट्ट्या, च्युइंगगम, ते जाडजूड पुस्तक, तू आजवर पाठवलेलं सगळं त्यात आहे, एकाचंही वेष्टन फोडलेलं नाही. त्या दिवशी तू पार्किंगमधून माझ्यामागे धावत आली असतीस, तर मी थँक्यू म्हणून ते यंत्र घेतलं असतं आणि घरी आल्यावर त्याच खणात टाकलं असतं. मी मला ओळखतो. तेव्हा पर्स रिकामी केलीस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. माझा पाय त्यानेच वाचला.

आज सकाळी बोट ढकलली. युनिस किनाऱ्यावर उभी राहून ओरडत होती, काय ते ऐकू आलं नाही. रविवारी जेवायला ये, खेकडा ठेवलाय. येताना गोळ्या आण, खऱ्याखुऱ्या, आजीच्या. ते यंत्रही आता कमी करायचंय.

आणि हे पत्र दोरीवर लावू नकोस. आत बसून वाच.

तुझा दादा,
क्लिफर्ड